अंगठ्याचा नेम

निन्टेन्डो ६४ च्या कंट्रोलरला तीन मुठी होत्या. माणसाला हात दोनच, त्यामुळे तिन्हींपैकी कोणत्या दोन धरायच्या हे प्रत्येक खेळाने आपापलं ठरवायचं. मधल्या मुठीवर अंगठ्याने हव्या त्या दिशेला झुकवता येणारी एक लहानशी स्टिक होती. तिच्या पाठीमागे, तर्जनी टेकते तिथे, बंदुकीच्या घोड्यासारखं एक बटण होतं. उजव्या मुठीवर चार पिवळी बटणं होती. स्टिक मात्र एकच. ऑगस्ट १९९७ मध्ये या कंट्रोलरवर ‘गोल्डनआय ००७’ आला, आणि ज्या खेळाला खरं तर दोन स्टिक हव्यात तो एकीवर खेळायची सवय लाखो अंगठ्यांनी लावून घेतली.

फर्स्ट-पर्सन शूटरमध्ये आपला नायक पडद्यावर दिसत नाही. त्याच्या डोळ्यांना जे दिसेल तेच आपल्याला दिसतं, आणि खालच्या कोपऱ्यात त्याच्या हातातली बंदूक. अशा खेळात दोन कामं एकाच वेळी चालतात: पाय एकीकडे जातात आणि नजर दुसरीकडे असते. कॉम्प्युटरवर ही वाटणी सोपी आहे, कारण डावा हात कीबोर्डवर असतो आणि उजवा माऊसवर. टीव्हीसमोर जमिनीवर मांडी घालून बसलेल्या पोराकडे माऊस नसतो. त्याच्याकडे अंगठे असतात.

गोल्डनआयच्या ८० लाखांहून जास्त प्रती खपल्या. निन्टेन्डो ६४ वर त्याच्या पुढे राहिले ते फक्त ‘सुपर मारिओ ६४’ आणि ‘मारिओ कार्ट ६४’. आज हा खेळ पुन्हा लावला तर पहिल्या पाच मिनिटांतच तक्रारी सुरू होतात: चाल जड आहे, नेम घसरतो, स्फोट झाला की चित्र अडखळतं. तक्रारी खऱ्याच आहेत. पण या खेळाचे गुण या दोषांपासून सुटे काढता येत नाहीत, कारण दोन्ही एकाच अडचणीच्या पोटी जन्मले. अंगठ्याने नेम धरायचा कसा, ही ती अडचण.

दोन घराणी

नायकाच्या डोळ्यांनी पाहायचा खेळ कॉम्प्युटरवर फार लवकर आला. १९७३-७४ च्या सुमारास अमेरिकेत नासाच्या एम्स संशोधन केंद्रात काही विद्यार्थ्यांनी ‘मेझ वॉर’ तयार केला. रेघांनी आखलेल्या भूलभुलैयात हिंडायचं, आणि समोर दुसरा खेळाडू दिसला की गोळी झाडायची. तो दुसरा खेळाडू डोळ्याच्या बुबुळाच्या रूपात दिसे. वळायचं ते थेट काटकोनात, त्यामुळे नेम धरण्याचा प्रश्नच येत नव्हता. समोर आला तर समोर, नाहीतर नाही.

खरं घराणं उभं राहिलं ते इड सॉफ्टवेअरमुळे. मे १९९२ मध्ये ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ आला आणि १० डिसेंबर १९९३ रोजी ‘डूम’. जॉन कार्मॅकने लिहिलेल्या प्रोग्रॅममुळे साध्या पीसीवर वेगाने धावता येऊ लागलं. वेग हाच या खेळांचा प्राण होता. डूममध्ये वर-खाली पाहण्याची सोय नव्हती. शत्रू उंच कठड्यावर असला तरी त्याच्या रेषेत उभं राहून गोळी झाडली की ती त्याला लागे. १९९६ च्या ‘क्वेक’पासून मात्र जग सर्वार्थाने त्रिमित झालं. वर पाहणं, खाली पाहणं, गर्रकन मागे वळणं माऊसवर आलं, आणि नेमबाजी मनगटाची कला झाली.

हे खेळ टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर आणायचे प्रयत्न लगेच झाले, पण त्यांत तडजोडच जास्त होती. १९९४ मध्ये सुपर निन्टेन्डोवर वुल्फेनस्टाइन आला तेव्हा निन्टेन्डोच्या सोवळेपणापायी रक्ताचा घाम झाला आणि कुत्र्यांचे मोठाले उंदीर झाले. पुढच्या वर्षी त्याच यंत्रावर डूम आला. कार्ट्रिजमध्ये जास्तीची चिप बसवूनही चित्र लहान खिडकीत, धूसर आणि अडखळत. कॉम्प्युटरचा खेळ कन्सोलवर कोंबायचा, एवढाच त्या काळचा विचार होता. कन्सोलचा म्हणून शूटर कसा असावा, हा प्रश्न अजून कुणी नीट विचारला नव्हता.

दुसरं घराणं आर्केडचं. नाणं टाकायचं, यंत्राला बांधलेली प्लास्टिकची बंदूक उचलायची आणि पडद्यावर रोखायची. १९९४ चा सेगाचा ‘व्हर्च्युआ कॉप’ हा त्यातला मानाचा खेळ. इथे चालण्याचा त्रास नाही, कॅमेरा ठरलेल्या रुळावरून आपोआप पुढे सरकतो. सगळं लक्ष नेमावर. आणि नेमाला इथे अर्थ होता: गोळी हाताला लागली की शत्रू हात धरतो, पायाला लागली की वाकतो, मध्येच निरपराध माणसं समोर येतात आणि त्यांना वाचवायचं असतं.

एक घराणं पायांचं, दुसरं नेमाचं. त्यांचं लग्न लागलं इंग्लंडमधल्या लेस्टरशर परगण्यातल्या ट्वायक्रॉस या खेड्यात.

ट्वायक्रॉसची नवखी मंडळी

रेअर ही स्टॅम्पर बंधूंची कंपनी. ‘डाँकी काँग कंट्री’मुळे निन्टेन्डोच्या खास मर्जीतली. पिअर्स ब्रॉस्ननचा पहिला बाँडपट ‘गोल्डनआय’ तयार होत असताना त्यावर खेळ करायचा प्रस्ताव आला. आधी सुपर निन्टेन्डोवर बाजूने दिसणारा, उड्या मारायचा खेळ करावा असा विचार होता. मार्टिन हॉलिस या तरुण प्रोग्रॅमरने तो बाजूला सारून येऊ घातलेल्या नव्या त्रिमित यंत्रासाठी खेळ करण्याचा आग्रह धरला. १९९५ च्या सुरुवातीला काम सुरू झालं. हॉलिसच्या हाताखाली जमलेल्या दहाएक जणांपैकी बहुतेकांनी याआधी एकही खेळ केलेला नव्हता. शूटर असाच असतो, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नव्हतं, आणि हाच फायद्याचा भाग ठरला.

पहिला बेत सरळ व्हर्च्युआ कॉपचा होता: कॅमेरा रुळावर, खेळाडू फक्त नेम धरणार. पुढे रूळ उखडले गेले आणि खेळाडू मोकळा हिंडू लागला, पण रुळांवरच्या काळातला नेमाचा सोस तसाच राहिला. शरीराच्या कोणत्या भागाला गोळी लागली यावर शत्रूचं कळवळणं ठरू लागलं. कुणी पोटरी धरून लंगडतो, कुणी मान धरून कोसळतो, कुणाची नुसतीच टोपी उडते. डूममधला राक्षस एक तर जिवंत असायचा किंवा मेलेला. इथे मधल्या अवस्था आल्या.

निन्टेन्डो ६४ अजून बाजारात यायचं होतं. त्यामुळे बराच काळ सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या कॉम्प्युटरांवर अंदाजपंचे काम चाललं, आणि सुरुवातीच्या चाचण्यांसाठी तर प्रतिस्पर्धी सेगाच्या सॅटर्न यंत्राचा कंट्रोलर फेरफार करून वापरला गेला. बंदुकीत गोळ्या भरण्यासाठी कंट्रोलरला लावलेला थरथरणारा रंबल पॅक उपटून पुन्हा खोचायचा, अशी एक कल्पना हॉलिसने मांडली होती. निन्टेन्डोने ती नाकारली. कल्पना विक्षिप्त खरी, पण आर्केडमधल्या बंदुकीचा हाताला होणारा स्पर्श या तुटपुंज्या कंट्रोलरमध्ये कसा आणावा याची तगमग तिच्यात दिसते.

मंडळी लीव्ह्सडनच्या स्टुडिओत जाऊन चित्रपटाचे सेट पाहून आली. फोटो काढले, आराखडे मिळवले. मग कार्ल हिल्टनने त्यांवरून धरण, रासायनिक कारखाना, बंकर, दफ्तरखाना अशा जागा उभ्या केल्या. इथे एक उलटी गोष्ट घडली. एरवी खेळाची लेव्हल खेळाडूला डोळ्यांसमोर ठेवून आखली जाते: इथून तो येईल, इथे शत्रू ठेवू, इथे औषध ठेवू. गोल्डनआयमध्ये आधी इमारत बांधली गेली, तीही इमारत म्हणून, आणि मग तिच्यात खेळ शोधला गेला. त्यामुळे तिथे कशाच्याही उपयोगाच्या नसलेल्या खोल्या आहेत, कुठेच न नेणारे रस्ते आहेत. धरणाच्या पहिल्या लेव्हलमध्ये पाण्यापलीकडे एक बांधकाम दिसतं. दुर्बिणीच्या बंदुकीतून ते स्पष्ट पाहता येतं, पण तिथे जायला वाट नाही. अर्धवट सोडलेल्या बेताचा तो अवशेष. त्या बांधकामात काय असेल यावर पोरांनी वर्षानुवर्षं तर्क लढवले.

हा गबाळेपणाही आहे आणि गुणही. खेळाडूच्या सोयीसाठी न बांधलेली जागा खरी वाटते, कारण खऱ्या इमारती कुणा गुप्तहेराच्या सोयीसाठी बांधलेल्या नसतात. पण त्याच कारणाने ‘सरफेस’ नावाच्या लेव्हलमध्ये, बर्फाळ धुक्यात, एकसारख्या दिसणाऱ्या झोपड्यांमधून माणूस वीस मिनिटं भरकटतो आणि शेवटी वैतागतो.

काम वाढवणारी काठिण्यपातळी

आधी जागा आणि मग खेळ, या क्रमातूनच गोल्डनआयचा सर्वांत मोठा गुण निघाला. त्याचं दुसरं मूळ हॉलिसने स्वतः सांगितलं आहे: ‘सुपर मारिओ ६४’. त्या खेळात एकाच जगात पुन्हा पुन्हा जाऊन दर वेळी वेगळं काम करायचं असतं. हॉलिसने ही रीत हेरगिरीला लावली.

गोल्डनआयमध्ये तीन पातळ्या आहेत: एजंट, सीक्रेट एजंट आणि डबल-ओ एजंट. धरणाची लेव्हल एजंट म्हणून खेळताना एकच काम असतं, टोकाशी पोहोचून दोर बांधून खाली उडी मारायची. डबल-ओ एजंट झालात की त्याच धरणावर आधी धोक्याच्या सगळ्या घंटा निकामी करायच्या, मोडेम बसवायचा, माहितीची नक्कल मिळवायची आणि मग उडी. शत्रूंचा नेमही सुधारतो आणि आपल्याला गोळ्या कमी मिळतात, पण खरा फरक पडतो तो कामाच्या यादीत. सोप्या पातळीवर ज्या खोलीसमोरून धावत गेलो होतो तिचं दार आता उघडावं लागतं. बिनकामाच्या वाटलेल्या जागेला काम मिळतं. वीस लेव्हलींचा खेळ असा तिपटीने वाढतो, आणि यंत्राच्या मेमरीवर फारसा भारही पडत नाही. सगळा खेळ १२ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये बसवायचा होता, म्हणून ही काटकसर मोलाची.

आवाजाचा विचारही असाच. पहारेकऱ्याला गोळीचा आवाज ऐकू येतो. सायलेन्सर लावलेल्या पिस्तुलाने दोन गोळ्या झाडल्या तर शेजारच्या खोलीला पत्ता लागत नाही. मशीनगनचा घोडा दाबून धरला तर आख्खा मजला धावून येतो. म्हणजे बंदूक चालवणं हा निर्णय झाला आणि न चालवणं हाही. डूमच्या घराण्यात असा प्रश्न कुणाला पडत नसे.

या सगळ्याची चाल संथ आहे, आणि ती संथ आहे ती अंगठ्यामुळे. एकलव्याचा अंगठा गेला आणि त्याची धनुर्विद्या गेली. इथे सगळी धनुर्विद्याच एका अंगठ्याच्या हवाली केलेली. तोच अंगठा स्टिकने पुढे-मागे चालवणार आणि डावी-उजवीकडे वळवणारही. बाजूला सरकायचं आणि वर-खाली पाहायचं ते पिवळ्या बटणांनी. नेमका नेम हवा तर खांद्याचं बटण दाबून धरायचं. मग पाय थांबतात आणि स्टिक पडद्यावर लाल फुली फिरवते. थोडक्यात, चालायचं किंवा नेम धरायचा. दोन्ही एकदम करायचं असेल तर खेळ स्वतःच मदतीला येतो: समोर शत्रू असला की बंदूक आपोआप थोडी त्याच्याकडे झुकते.

अशा हाताने क्वेकचा वेगवान शत्रू मारता येणार नाही. म्हणून गोल्डनआयचे पहारेकरी वेगळे घडवले गेले. आपल्याला पाहिलं की ते क्षणभर थबकतात, गुडघा टेकवतात, एखादा कोलांटी मारतो आणि मग गोळी झाडतो. हे नाटकी वाटतं, पण ते अंगठ्याला दिलेले दोन सेकंद आहेत. त्या दोन सेकंदांत खेळाडू ठरवतो: डोक्यावर नेम धरावा की मागे सरून दाराआड व्हावं. कॉम्प्युटरच्या शूटरमध्ये प्रतिक्षिप्त क्रिया कामाला येते, इथे क्षणभराचा विचार. कंट्रोलरच्या उणिवेतून आलेला हा संथपणाच बाँडला, म्हणजे चोरपावलांनी येणाऱ्या हेराला, शोभून दिसला.

आयत्या वेळचा मल्टिप्लेअर

गोल्डनआय ज्यासाठी सर्वांत जास्त आठवला जातो ती गोष्ट मूळ बेतात नव्हती. चित्रपट नोव्हेंबर १९९५ मध्ये येऊन गेला आणि खेळ रखडत राहिला. १९९७ च्या वसंतात, सगळं संपत आलेलं असताना, स्टीव्ह एलिसने चौघांनी एकमेकांविरुद्ध खेळायचा भाग जोडला. वरिष्ठांना त्याची फारशी कल्पनाही नव्हती. टीव्हीचा पडदा चार चौकोनांत विभागायचा, चार कंट्रोलर जोडायचे. निन्टेन्डो ६४ ला चार कंट्रोलरची सोय मुळातच होती आणि ती इथे सार्थकी लागली. चौघांच्या खेळाचा पूर्वज मेझ वॉर आणि डूमच्या नेटवर्क लढतींत सापडतो, पण तिथे प्रत्येकाला स्वतंत्र कॉम्प्युटर लागे. इथे एक टीव्ही आणि एक सतरंजी पुरली.

घाईत जोडलेल्या भागाचे दोष उघडे आहेत. दुसऱ्याच्या चौकोनात डोकावून तो कुठे दडलाय ते पाहता येतं, त्यावर इलाज नाही. चारही चौकोन भरले की आधीच रांगणारं चित्र आणखी रांगतं. आणि ऑडजॉब. हे बुटकं पात्र निवडलं की इतरांची आपोआप झुकणारी बंदूक त्याच्या डोक्यावरून गोळी सोडते, मग हाताने खाली नेम धरावा लागतो. ही लबाडीच आहे, हे पुढे खुद्द निर्मात्यांनी हसत मान्य केलं. पण एकाच खोलीत शेजारी बसलेल्यांनी यावर आपला नियम केला: ऑडजॉब घ्यायचा नाही. खेळाने जे सांभाळलं नाही ते खोलीतल्या संकेतांनी सांभाळलं. पुढे ऑनलाइनच्या काळात अनोळखी माणसांबरोबर असे संकेत करता येईनात, आणि तो भार कंपन्यांच्या नियमांवर आणि बंदीवर गेला.

रक्तपाताबद्दल निन्टेन्डोला काळजी होतीच. तिथले ज्येष्ठ खेळरचनाकार शिगेरू मियामोतो यांनी फॅक्स पाठवून सुचवलं होतं की फार जवळून केलेल्या हत्या कमी कराव्यात, आणि शेवटी बाँडने इस्पितळात जाऊन सगळ्या शत्रूंशी हस्तांदोलन करावं. हस्तांदोलन काही झालं नाही. पण पात्रांची ओळख चित्रपटातल्या नटांसारखी करून दिली जाते. हे सगळं सोंग होतं, असा दिलासा.

दोषांचा हिशेब

आता दोष सरळ मांडू. पहिला चित्राच्या गतीचा. हे यंत्र जेमतेम ९३.७५ मेगाहर्ट्झचं, मेमरी चार मेगाबाइट. त्यावर मोठ्या जागा, अनेक पहारेकरी आणि स्फोटांच्या साखळ्या. एक पिंप फुटून शेजारची चार फुटली की सेकंदाला मोजकीच चित्रं दिसतात. या दोषाचंही काहींनी कसब केलं. लेव्हल कमीत कमी वेळात संपवण्याची स्पर्धा लावणारे खेळाडू धावताना नजर जमिनीकडे ठेवतात, कारण समोरचं दृश्य कमी असलं की यंत्रावरचा भार हलका होतो आणि पळ वाढतो. धरणाचा विक्रम वर्षानुवर्षं ५३ सेकंदांवर अडला होता. २०१७ मध्ये तो ५२ वर आला तेव्हा जगभरच्या या छोट्या जमातीने जल्लोष केला.

दुसरा दोष, मधला टप्पा नाही. वीस मिनिटांच्या लेव्हलीत शेवटच्या खोलीत मेलात की पुन्हा पहिल्या दारापासून. तिसरा नतालिया. ‘कंट्रोल’ लेव्हलीत ही संगणकतज्ज्ञ काम करत असताना तिचं रक्षण करायचं असतं, आणि ती गोळीबाराच्या मधोमध उभी राहते. तिच्या मरणाने लेव्हल हरलेल्यांची संख्या प्रचंड असणार. आपल्या ताब्यात नसलेल्या माणसाच्या शहाणपणावर आपलं यश टांगणं, ही चूक पुढच्या कितीतरी खेळांनी पुन्हा पुन्हा केली. चौथा, घंटा वाजली की कुठून तरी पहारेकरी येतच राहतात. ज्या खेळाने आवाजाचा इतका बारीक विचार केला तो इथे सरळ हात टेकतो.

पाचवा दोष कंट्रोलरचा, आणि त्यावरचा उपाय खेळातच लपला होता. सेटिंग्जमध्ये एकाच खेळाडूला दोन कंट्रोलर वापरायची सोय आहे, प्रत्येक हातात एक. एका अंगठ्याने चालायचं, दुसऱ्याने पाहायचं. आज जगभर जी पद्धत रूढ आहे तिचं हे कच्चं रूप. फार थोड्यांनी ती वापरली असेल, कारण दुसरा कंट्रोलर मित्रासाठी असतो.

वारसदार

इथून पुढची वंशावळ भराभर फुटते. स्पीलबर्गने आपल्या मुलाला गोल्डनआय खेळताना पाहिलं आणि दुसऱ्या महायुद्धावर असा खेळ करावा असं त्याच्या मनात आलं. त्यातून १९९९ चा ‘मेडल ऑफ ऑनर’ निघाला. रेअरने स्वतः २००० मध्ये ‘पर्फेक्ट डार्क’ काढला. तोच प्रोग्रॅम, त्याच पातळ्या, जास्त बंदुका, यंत्राने चालवलेले प्रतिस्पर्धी. पण हाव इतकी मोठी की जास्तीची मेमरी बसवल्याशिवाय खेळाचा बराचसा भाग उघडतच नसे, आणि बसवल्यावरही चित्र अडखळेच. तोवर हॉलिस कंपनी सोडून गेला होता. त्याचे सहकारी डेव्हिड डोक आणि स्टीव्ह एलिस यांनीही बाहेर पडून फ्री रॅडिकल ही कंपनी काढली आणि ‘टाइमस्प्लिटर्स’ केला. रेअरच्या मंडळींच्या या दोन्ही खेळांत गोल्डनआयचं रक्त थेट होतं, आणि पर्फेक्ट डार्कमध्ये पातळीनुसार वाढणारी कामंही.

दोन स्टिकचा प्रश्न मात्र दुसऱ्या बाजूने सुटला. सोनीने १९९७ मध्ये प्लेस्टेशनला दोन स्टिकचा कंट्रोलर दिला. २००० च्या ‘एलियन रिझरेक्शन’ने डाव्या स्टिकने चालणं आणि उजवीने पाहणं ही पद्धत वापरली, तर एका समीक्षकाने खेळातली सर्वांत भीतिदायक गोष्ट म्हणून कंट्रोललाच नाव ठेवलं. सुमारे वर्षभराने, नोव्हेंबर २००१ मध्ये, बंजी कंपनीचा ‘हेलो’ एक्सबॉक्सवर आला आणि तीच पद्धत लोकांच्या हातात सहज बसली. फरक दोन गोष्टींचा होता. फुली शत्रूवर आली की ती किंचित जड होते, म्हणजे अंगठ्याची थरथर यंत्र पोटात घालतं. आणि लेव्हली, शत्रू, बंदुका या सगळ्यांची आखणी दोन अंगठ्यांचा विचार करून झाली होती. गोल्डनआयने जे अडचणीतून केलं ते हेलोने ठरवून केलं.

महाराष्ट्रात ही शाखा उशिरा पोहोचली. इथल्या बहुतेकांची शूटरशी ओळख सायबर कॅफेत, ‘काउंटर-स्ट्राइक’ आणि ‘आयजीआय’ खेळत, कीबोर्ड-माऊसवर झाली. ते मनगटाचं घराणं. अंगठ्याचं घराणं आपल्याकडे घरोघरी आलं ते मोबाइलमधून, आधी पबजी आणि २०२१ पासून बीजीएमआय. काचेवर डावा अंगठा चालवतो, उजवा पाहतो, आणि नेम हळूच सावरून घेणारी यंत्राची मदत असते. ट्वायक्रॉसच्या मंडळींना पडलेला प्रश्न आता एसटीच्या खिडकीशी बसलेली मुलं सोडवत असतात, काही जण तर फोनच तिरपा करून नेम साधतात.

दोष काढल्यावर

गोल्डनआय स्वतः मात्र अनेक वर्षं अडकून पडला. २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेअर विकत घेतली. खेळ एकाचा, यंत्र दुसऱ्याचं, बाँड तिसऱ्याचा. एक्सबॉक्ससाठी केलेली सुधारित आवृत्ती हक्कांच्या भांडणात बारगळली आणि २०२१ मध्ये बाहेर फुटली. अखेर २७ जानेवारी २०२३ रोजी खेळ निन्टेन्डो स्विच आणि एक्सबॉक्सवर अधिकृतपणे परतला. एक्सबॉक्सवर दोन स्टिकची सोय आहे, चित्र स्वच्छ आहे, अडखळणं गेलं आहे.

आणि तिथे एक मजेशीर गोष्ट कळते. दोष काढून टाकले की खेळ सोपा होतो, काही ठिकाणी पोकळच. गुडघा टेकवणारा पहारेकरी आता नेम धरायच्या आत मरतो. त्याचे ते दोन सेकंद ज्या अंगठ्यासाठी राखलेले होते तो अंगठा आता उरलेला नाही. गोल्डनआयचा संथ थरार कंट्रोलरच्या उणिवेवर उभा होता, ही उणीव दुरुस्त करताना तो तसाच ठेवणं शक्य नव्हतं. तेवढं वारसदारांना माफ आहे.

दुसरी एक गोष्ट मात्र माफ करणं अवघड जातं. हेलोपासून पुढच्या मोठ्या शाखेत ‘कठीण’ निवडलं की शत्रू जास्त गोळ्या पचवतात, जास्त संख्येने येतात, आपण लवकर मरतो. काम तेच राहतं. गोल्डनआयमध्ये ‘कठीण’ म्हणजे जास्त जबाबदारी: त्याच इमारतीकडे जास्त बारकाईने पाहायचं, जास्त दारं उघडायची, गोळी न झाडता काय साधतं ते शोधायचं. हे करायला दुसरी स्टिक लागत नाही, वेगवान चिपही लागत नाही. १९९७ मध्ये ते १२ मेगाबाइटमध्ये बसलं होतं. बाकीच्या उणिवांचं खापर त्या तीन मुठींच्या कंट्रोलरवर फोडता येतं. हा गुण सांडला तो मात्र तो पुढे नेऊ शकणाऱ्यांनीच.